बॅलार्ड पिअरला आदल्या दिवशी

आमचं गोव्याला जाऊन येणारं क्रूझचं जहाज शुक्रवारी संध्याकाळी पाचला मुंबईच्या बॅलार्ड पिअर धक्क्यावरून सुटणार होतं. तिकिटावर त्याच्याखाली बारीक अक्षरात आणखी एक ओळ होती: चेक-इन दुपारी साडेबाराला सुरू, साडेतीनला बंद. क्रूझची खरी वेळ ती साडेतीनचीच. पाच वाजता काय होतं, ते फक्त आत बसलेल्यांना बघायला मिळतं.

घरात वाद झाला तो यावरूनच. धाकटे दीर आणि जाऊबाई दोन मुलांना घेऊन येणार होते. आमच्या बाजूला आम्ही दोघं आणि आई-बाबा, म्हणजे सासूबाई-सासरे. भावजींचं म्हणणं सरळ होतं. "वहिनी, सिंहगड रोडवरून सकाळी आठला निघालो तरी बाराला बॅलार्ड पिअर. मुंबईत एक रात्र हॉटेलात कशाला पैसे घालायचे? तेवढ्यात जहाजावर खिडकीवाली केबिन येते." हिशेब बरोबर होता. त्यात फक्त बोर घाट धरला नव्हता.

मी उलटा हिशेब मांडला. खिडकीची केबिन सोडायची, आतली घ्यायची आणि वाचलेले पैसे फोर्टमधल्या खोल्यांत घालायचे. केबिनमध्ये माणूस झोपायला जातो, समुद्र बघायला वर अख्खा डेक मोकळा असतो. गाडी चुकली तर मागून दुसरी येते, जहाज चुकलं तर पैसेही जातात आणि सुट्टीही. बाबांनी पंच्याहत्तरी ओलांडली आहे, आईंचे गुडघे दुखतात. ही मंडळी पहाटे उठून, घाट उतरून, थेट रांगेत उभी करायची हे मला पटेना. शेवटी असं ठरलं की आम्ही चौघं गुरुवारी रेल्वेनं जाणार आणि भावजी मंडळी शुक्रवारी गाडीनं.

बुकिंगच्या क्रमाबद्दल एवढंच सांगते. आधी जहाज, मग हॉटेल, शेवटी रेल्वे. जहाजाचं बुकिंग लोक पाच-सहा महिने आधी करतात, पण रेल्वेचं आगाऊ आरक्षण नोव्हेंबर २०२४ पासून १२० दिवसांवरून ६० दिवसांवर आलंय. म्हणून मधल्या काळात हॉटेल असं घ्यावं, जे फुकटात रद्द करता येईल. स्वस्त पडतं म्हणून अंधेरी-साकीनाक्याला राहू नये. तिथून दक्षिण मुंबईत यायला कधी किती वेळ लागेल ते देवही सांगू शकत नाही, आणि मग आदल्या दिवशी येऊन मिळवलं काय? फोर्ट, बॅलार्ड इस्टेट, फार तर कुलाबा. आणि हो, बुकिंगवरचं नाव आणि आधारवरचं नाव अक्षर न् अक्षर जुळतंय का, ते महिनाभर आधी बघून ठेवा. आईंच्या आधारवर आडनावाचं स्पेलिंग वेगळं होतं. ते बुकिंगमध्ये दुरुस्त करून घ्यायला फोनवर तीन-चार जणांशी बोलावं लागलं. गेटवर कळलं असतं तर कुणाशी बोलणार होते?

गुरुवार

डिसेंबरातली पहाट. पुणे स्टेशनवर सगळे कानटोप्या घालून उभे. सव्वासातची डेक्कन क्वीन. बाबांना दुसरी कुठली गाडी चालतच नाही. नोकरीच्या काळात त्यांनी काही वर्षं या गाडीचा पास काढला होता. कुठे काय लागतं ते त्यांना अजून पाठ आहे. शिवाजीनगर मागे पडलं की मागवायचं, म्हणजे लोणावळ्याच्या आत गरम कटलेट हातात येतं. तसंच झालं. कटलेट, मागोमाग चीज टोस्ट, आणि आईंनी "बाहेरचं इतक्या सकाळी?" म्हणत त्यातलंच अर्धं खाल्लं.

लोणावळ्यानंतर मंकी हिलला गाडी थांबली. उतरणाऱ्या गाड्यांचे ब्रेक इथे तपासतात, मगच घाटात सोडतात. बाबा पूर्वी मुलांना हे सांगायचे, आता मला सांगतात. खिडकीतून खाली एक्सप्रेस वेचा तुकडा दिसत होता. गाड्या मुंगीच्या पावलांनी सरकत होत्या, आणि तोही गुरुवार, काही सणवार नसताना. मी फोटो काढून भावजींना पाठवला. त्यांनी अंगठा पाठवला.

दादर येईस्तोवर सगळ्यांचे स्वेटर निघून मांडीवर आले होते. पुण्याची थंडी कर्जतच्या पुढे कामाची नाही. एक पातळ शाल पुरे, उरलेलं सामान जहाजाच्या एसीसाठी.

साडेदहाच्या आत सीएसएमटी. तिथून बॅलार्ड इस्टेट दोन किलोमीटरच्या आत, आणि अडचण नेमकी हीच. काळी-पिवळीवाल्यांना इतकं जवळचं भाडं नको असतं. पहिल्या दोघांनी मान हलवली, तिसऱ्यानं आईंचे गुडघे बघितले आणि डिकी उघडली. सामान हलकं असेल तर सरळ चालत जा, पंधरा-वीस मिनिटांचा रस्ता आहे आणि सपाट आहे.

हॉटेलनं फोनवर अकराला खोली देऊ म्हणून सांगितलं होतं. काउंटरवरचा मुलगा म्हणाला, "एक वाजता होईल, मॅडम." भांडायला वेळ होता, पण इच्छा नव्हती. बॅगा तिथेच ठेवल्या. लवकर खोली मिळण्याचा शब्द ईमेलवर लिहून घ्यावा, नाहीतर तो नाहीच असं समजून चालावं.

आणि मग जेवायला ब्रिटानिया. १९२३ सालचं इराणी हॉटेल. उंच छत, जुन्या लाकडी खुर्च्या, भिंतींचे पोपडे कुणी मुद्दाम राखल्यासारखे. बाबांनी मटण बेरी पुलाव मागवला, आई आणि मी व्हेज. भाताच्या ढिगावर तळलेला कांदा आणि लालभडक बारीक बेरी, इराणातून येणाऱ्या, झरश्क म्हणतात त्यांना. दाताखाली आली की आधी आंबट आणि मग किंचित गोड. आईंनी चार घास शांतपणे खाल्ले आणि निकाल दिला, "आपल्या मसालेभातात मनुका पडल्यासारखं लागतंय, पण चांगलंय." त्यांच्या तोंडून बाहेरच्या भाताला एवढं म्हणजे सुवर्णपदक. शेवटी कॅरॅमल कस्टर्ड. चौघांत दोन मागवली होती, मग आणखी दोन.

बॅलार्ड इस्टेट हा भाग पुण्याच्या माणसाला चटकन आवडतो, कारण दुपारी तिथे शांतता असते. जॉर्ज विटेट, म्हणजे गेटवे ऑफ इंडियावाले वास्तुरचनाकार, त्यांनीच हा भाग आखला. गोदी खणताना निघालेल्या भरावानं समुद्र हटवला आणि त्यावर १९१४ पर्यंत या इमारती उभ्या राहिल्या. सगळ्या एका उंचीच्या, एका चेहऱ्याच्या. इथे बंदराला लागून एक रेल्वे स्टेशनही होतं, बॅलार्ड पिअर मोल. विलायतेहून बोटीनं आलेला साहेब धक्क्यावर उतरून थेट गाडीत बसायचा. १९२८ साली फ्रंटियर मेल सुरू झाली ती इथूनच, पेशावरला जाण्यासाठी. म्हणजे बोट आणि रेल्वे यांची सांगड घालायची कटकट तेव्हाच्या लोकांना नव्हती. ती आपल्या वाट्याला आली.

जेवण जिरवायला म्हणून ग्रीन गेटपर्यंत चालत गेलो. उद्या जिथे यायचं ती जागा आज डोळ्यांखालून घातली की रात्री झोप लागते. गेटवरचा सुरक्षारक्षक साताऱ्याकडचा निघाला. टॅक्सी कुठपर्यंत येते, तिथून पुढे काय, हे सगळं त्यानं सांगितलं आणि वर म्हणाला, "साडेबाराला येऊ नका, ताई. तेव्हा समदं जग येतं. दोनला या, निवांत आत जाल." तिकीट विकणाऱ्यानं, वेबसाइटनं, फोनवरच्या मुलीनं यातलं काहीही सांगितलं नव्हतं.

संध्याकाळी त्या हॉटेलनं सगळी भरपाई केली. लिफ्ट जुनी, जाळीच्या दाराची, आणि ती चालवायला एक माणूस. पन्नाशीचा, गुहागरकडचा. बाबांनी त्याला गाव विचारलं आणि मग लिफ्ट तळमजल्यावरच राहिली.

"आगबोटीनं आलायस कधी?"

"लहानपणी, काका. दाभोळला. पडावात बसून बोटीला लागायचं. वरून दोघं हात धरून खेचायचे. माझी आजी डोळे मिटून घ्यायची."

बाबा लग्नाआधी भाऊच्या धक्क्यावरून पणजीपर्यंत गेले होते, डेकच्या तिकिटावर. वळकटी घेऊन, जागा पकडायला धावत. बंदर आलं की बोट खाडीच्या तोंडाशी उभी राहायची, भोंगा द्यायची, आणि काळोखातून पडावांचे कंदील जवळ यायचे. सामान, कोंबड्या, आंब्याच्या पेट्या, बाळंतीण, सगळं दोरांवर आणि हातांवर वर चढायचं. त्या बोटी बंद झाल्यालाही आता जमाना झाला. दोघं बोलत राहिले. वरून कुणीतरी घंटी वाजवत होतं, तिकडे दोघांचंही लक्ष नव्हतं. बाबांना इतकं बोलताना मी वर्षभरात पाहिलं नव्हतं. खिडकीच्या केबिनचे पैसे तिथेच वसूल झाले.

रात्री आईंनी पिशवीतून दशम्या आणि शेंगदाण्याची चटणी काढली. आमच्या जहाजाच्या नियमांत घरचं खाणं बसत नव्हतं, म्हणून ते इथेच संपवायचं होतं. इस्त्री, किटली, एक्स्टेन्शन बोर्ड, सुरी हेही चालत नाही. आपापल्या कंपनीची यादी वाचून घ्या.

शुक्रवार

आठला भावजींचा फोन, "निघालो." साडेनऊला, "लोणावळ्याच्या पुढे आलो. एकदम मोकळा रस्ता आहे, वहिनी." आवाजात विजय होता.

सव्वादहाला जाऊबाईंचा मेसेज: "अमृतांजनपाशी उभे." तो जुना पूल एप्रिल २०२०च्या लॉकडाउनमध्ये पाडला, पण पुणेकरांसाठी त्या जागेचं नाव अजून तेच आहे, आणि अडकायची जागाही तीच. पुढे एक कंटेनर आडवा झाला होता.

आम्ही अकराला खोल्या सोडल्या, बॅगा रिसेप्शनला ठेवल्या. हे आधीच विचारून ठेवलेलं बरं, कारण हॉटेल सोडायची वेळ आणि जहाजात चढायची वेळ यांच्यात दोन-तीन तास लोंबकळतात. त्यात सीएसएमटीसमोर 'आराम'मध्ये वडापाव झाला. समोर ती अवाढव्य इमारत, दगडी मोर-माकडं. आई टेबलाशी बसून खात होत्या आणि दर घासाला विचारत होत्या, "कुठे पोचले गं ते?"

बारा वाजता: तिथेच. साडेबाराला: सरकले. एक वाजता खालापूरचा टोलनाका. मी मनात हिशेब करत होते आणि तो जमत नव्हता. नवरा म्हणाला, "तू आता फोन करू नकोस. तो गाडीत आधीच दोघांचं ऐकत असेल."

दोन वाजता आम्ही ग्रीन गेटवर. कालचा रक्षक नव्हता, पण त्याचं गणित अचूक होतं. रांग संपत आली होती. बॅगांना केबिन नंबरच्या पट्ट्या लावून त्या गेटवरच घेतात आणि त्या थेट केबिनच्या दाराशी येतात, पण संध्याकाळी, कधीकधी जेवणाच्या वेळेला. म्हणून औषधं, चष्मे, चार्जर आणि एक कपड्यांचा जोड हातातल्या पिशवीत हवाच. आमच्या शेजारचे काका बीपीच्या गोळ्या मोठ्या बॅगेत टाकून बसले होते आणि तिथल्या मुलीला ती बॅग परत काढायला लावत होते. देशातल्या देशात जाणाऱ्या जहाजाला आम्हाला पासपोर्ट लागला नाही, पण मूळ ओळखपत्र लागलं. लहान मुलांचंसुद्धा. मोबाइलमधला फोटो दाखवणाऱ्याला बाजूला उभं केलं होतं. ज्येष्ठांना व्हीलचेअर मिळते, ती आधी कळवून ठेवावी लागते. आई "मला कशाला?" म्हणाल्या आणि बसल्या.

तीन वाजून दहा मिनिटांनी भावजींची गाडी आली. चेंबूरहून ईस्टर्न फ्री वे धरला, तो ऑरेंज गेटला, म्हणजे जवळजवळ बंदराच्या दाराशीच आणून सोडतो, म्हणून वाचले. दुसरी गोष्ट, त्यांनी ड्रायव्हर आणला होता. स्वतः चालवत आले असते तर एवढ्या दिवसांसाठी गाडी कुठे लावायची ते शोधण्यातच साडेतीन वाजले असते. मुलं सकाळपासून वेफर्सवर होती. जाऊबाई गाडीतून उतरल्या, माझ्याकडे बघितलं आणि भावजींना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाल्या, "पुढच्या वेळी मी वहिनींबरोबर. तुम्ही या घाटातून."

भावजी म्हणाले, "पोचलो ना पण?"

आत गेल्यावर पहिलं काम म्हणजे सुरक्षेची कवायत. सात छोटे भोंगे आणि एक लांब, की सगळ्यांनी ठरलेल्या जागी जमायचं. २०१२ साली इटलीजवळ कोस्टा कॉन्कॉर्डिया बुडाली तेव्हा त्याच दिवशी चढलेल्या बऱ्याच प्रवाशांची कवायतच झाली नव्हती. त्यानंतर नियम कडक झाले आणि ती जहाज सुटायच्या आधी किंवा सुटल्याबरोबर घ्यावी लागते. बरेच लोक मोबाइल बघत होते. आई मात्र लाइफ जॅकेटचा पट्टा कसा बांधतात ते नीट बघत होत्या. त्यांचं माहेर अलिबागकडचं. १७ जुलै १९४७ला, गटारी अमावास्येच्या दिवशी, भाऊच्या धक्क्यावरून रेवसला निघालेली 'रामदास' बुडाली आणि सहाशेच्या वर माणसं गेली. त्या भागात असं घर विरळा, जिथे कुणाचं कुणी त्या बोटीवर नव्हतं. आईंनी तिथल्या मुलीला दोनदा शिट्टी कुठे आहे ते विचारलं.

पाचला जहाज हललं, पण हललं हे कळलंच नाही. आधी धक्का मागे जाताना दिसला. अंधार पडता पडता डाव्या हाताला दूरवर दिव्याची उघडझाप दिसू लागली. बाबा म्हणाले, खांदेरी. महाराजांनी १६७९ साली इंग्रज आणि सिद्दी यांच्या नाकावर टिच्चून बांधायला घेतलेला किल्ला. २०२५ साली तो जागतिक वारशाच्या यादीत गेला. मुलांना आइस्क्रीमच्या रांगेत जायचं होतं. बाबांनी आधी खांदेरी संपवला.

फोनची रेंज तासाभरात गेली. त्याआधी फोन एअरप्लेन मोडवर टाका, नाहीतर तो आपणहून जहाजाच्या सॅटेलाइट नेटवर्कला चिकटतो आणि बिल घरी गेल्यावर कळतं.

शनिवार

सकाळी उशिरा गोव्यातलं मुरगाव बंदर. भावजी मंडळी कोलव्याला समुद्रात डुंबायला गेली. रात्रभर समुद्रावरच होतो, पण तो हाताला लागला नव्हता, हे मुलांचं म्हणणं मला पटलं. आम्ही टॅक्सी करून मंगेशीला. ड्रायव्हरनं वाटेत कुठ्ठाळी दाखवली. देव मूळचा इथला, १५६०च्या सुमारास पोर्तुगीजांच्या धाकानं तो नदीपार नेला. देवळात शनिवारची गर्दी होती, पण आईंना खांबाला टेकून बसायला जागा मिळाली. बंदरात बाहेर पडताना परतीची वेळ फलकावर लिहिलेली असते, तिच्या तासभर आधी या. टॅक्सीचं जाण्या-येण्याचं आणि थांबण्याचं मिळून भाडं आधीच ठरवा.

रविवार

दिवसभर पाणी. थोडं डोलत होतं. केबिन खालच्या मजल्यावर आणि जहाजाच्या मधोमध घेतलेली असेल तर हे कमी जाणवतं. आतली केबिन घेण्याचा हा फायदा मी भावजींना सांगितला नाही, कारण ते खिडकीशेजारी आडवे पडून लिंबू चोखत होते. जेवण भरपूर, तेच तेच, पनीर फार. चहा मात्र वाईट. आईंनी बिनसाखरेची कॉफी प्यायला सुरुवात केली, एवढं म्हटलं की कळेल.

रात्री मोठ्या बॅगा केबिनबाहेर ठेवायच्या असतात. सकाळचे कपडे त्यातच गेल्यामुळे सोमवारी दोन-तीन लोक नाइटसूटवर उतरताना पाहिले.

सोमवार

आठला धक्का, साडेनऊला बाहेर. परतीची गाडी सकाळची काढू नये, जहाजाला जागा मिळायला उशीर झाला तर ती गेलीच. आमची संध्याकाळची पाच-दहाची क्वीन होती. भावजींचा ड्रायव्हर गाडी घेऊन आला होता. ते म्हणाले, "बाबा, चला की, जागा होईल." बाबा म्हणाले, "राणीचं तिकीट आहे." सामान सीएसएमटीच्या क्लोकरूममध्ये टाकलं (बॅगेला कुलूप हवं, त्याशिवाय घेत नाहीत) आणि आईंना पियूष प्यायचं होतं म्हणून पुन्हा 'आराम'.

दीड वाजता तिथेच फोन वाजला. भावजी सिंहगड रोडवरच्या घरातून बोलत होते. "वहिनी, पोचलोसुद्धा! घाटात एक गाडी नव्हती. तुम्ही कुठे आहात?"

बाबांनी फोन माझ्या हातातून घेतला. "आम्ही मुंबईतच आहोत," म्हणाले. "तुम्ही जेवलात का?"

ते जेवले नव्हते. घरी काहीच नव्हतं.